आधी पाठ बघा

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले, की चित्र विकत घेण्याआधी ते पालथं करून बघावं. त्यावर आलेली पत्रं दोन प्रकारची आहेत. काहींना हे असभ्य वाटलं. काहींनी घरातली चित्रं खरोखरच भिंतीवरून उतरवली, पालथी केली आणि घाबरून मला लिहिलं. दुसऱ्या प्रकारची पत्रं अर्थातच जास्त मजेची आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, माझं काम कागदावरच्या चित्रांच्या दुरुस्तीचं. डाग उतरवायचे, फाटलेलं सांधायचं, चुकीच्या फ्रेममधून चित्राची सुटका करायची. तीस वर्षांत मी चित्रं पुढून जितकी पाहिली, त्याहून जास्त मागून पाहिली असतील. तेव्हा बाजाराबद्दल मला विचारणं म्हणजे मेकॅनिकला गाड्यांबद्दल विचारणं. त्याच्या दारात धडधाकट गाडी येते कुठे? एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, दरवर्षी एक चित्र घ्यायचं असं मी ठरवलंय. दोन घेऊन झाली. पण आता जो तो म्हणतोय की कलेचा बाजार घसरला. थोडं थांबलो तर स्वस्तात मिळेल का?

कोणता बाजार घसरला, ते आधी बघू. आर्ट बाझल हा कलामेळा आणि यूबीएस ही स्विस बँक मिळून दरवर्षी जगाच्या कलाबाजाराचा अहवाल काढतात. त्यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये एकूण उलाढाल सुमारे ५७.५ अब्ज डॉलर झाली, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा १२ टक्क्यांनी कमी. बातम्यांचे मथळे इथेच संपले. त्याच अहवालात पुढे असंही आहे, की व्यवहारांची संख्या मात्र ३ टक्क्यांनी वाढली आणि चार कोटींच्या वर गेली. पैसा आटला, पण हात बदलणाऱ्या वस्तू वाढल्या. पडझड झाली ती माडीवर, जिथे एकेका चित्राला कोटीच्या वर डॉलर मोजले जातात तिथे. तुम्ही-आम्ही ओसरीवरची माणसं. ओसरीवर वर्दळ आहे.

आता थांबण्याबद्दल. चित्रकाराच्या हातून किंवा त्याच्या गॅलरीतून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या चित्राचा भाव शेअरसारखा खालीवर होत नाही. यंदा भाव उतरवला तर गेल्या वर्षी ज्यांनी जास्त पैसे मोजले त्यांचा जीव खट्टू होतो, आणि पुढे कोणी विश्वासानं घेत नाही. त्यामुळे मंदीत यादीवरची किंमत तशीच राहते. चित्रं विकली मात्र जात नाहीत. आणि विचारणाऱ्याला हळूच थोडी सवलत मिळते, किंवा मोठ्या चित्रांऐवजी छोटी चित्रं जास्त बाहेर येतात. म्हणजे थांबण्यापेक्षा विचारण्यात फायदा आहे. भाव खरोखर पडतो तो लिलावात, जिथे चित्र दुसऱ्या-तिसऱ्यांदा विकायला येतं.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी वर छापलं नाही, पण उत्तर त्याचंच द्यायला हवं. तुम्ही विचारता, 'दहा वर्षांनी विकलं तर किती येतील?' विल्यम बॉमोल नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९८६ मध्ये एक हिशेब मांडला होता. १६५२ ते १९६१ या तीनशे वर्षांतल्या ज्या चित्रांच्या खरेदीच्या आणि पुढच्या विक्रीच्या अशा दोन्ही नोंदी सापडल्या, ती घेतली आणि महागाई वजा केली. वर्षाला परतावा निघाला साधारण अर्धा टक्का. सरकारी रोख्यांनी त्याहून बरं दिलं असतं. आणि ही झाली दुसऱ्यांदा विकली गेलेली चित्रं. ज्यांच्याकडे नंतर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, ती या हिशेबात आलीच नाहीत.

झटपट कमाईची गोष्टही ऐका. २०१४ च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये नुकतेच कलाशाळेतून बाहेर पडलेल्या पोरांची अमूर्त चित्रं लिलावात लाखो डॉलरला जात होती. घेणारे वर्षभरात पुन्हा विकत होते. चित्रंही एकमेकांची भावंडं शोभावीत अशी. वॉल्टर रॉबिन्सन या समीक्षकानं या प्रकाराला 'झोंबी फॉर्मॅलिझम' असं नाव दिलं. काही वर्षांत भाव कोसळले. नुकसान झालं म्हणून मला घेणाऱ्यांची कणव येत नाही. वाईट झालं ते त्या पोरांचं. पंचविशीत आकाशाला भिडलेल्या आणि तिशीत जमिनीवर आलेल्या चित्रकाराकडे पुढे कोणतीही गॅलरी जपूनच बघते.

तर थांबू नका, घाईही करू नका. चित्र आवडलं की घरी या, आठवडा जाऊ द्या. मग कागद-पेन्सिल घेऊन ते आठवणीनं रेखाटून बघा. चित्रकला येत नसली तरी चालेल. काय कुठे होतं ते आठवत असेल तर परत जा. माझा अनुभव असा, की दहातली सात चित्रं या आठवड्यात विरून जातात. उरलेल्या तिघांपैकी एखादं तुमच्या ऐपतीत असतं.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात एक छोटं जलरंगातलं चित्र मला मिळालं. आनंदानं नाचायचंच बाकी होतं. बिल आलं तर बोलीपेक्षा जवळजवळ चाळीस टक्के जास्त! ही फसवणूक नाही का?

नाही. मात्र तुमचा राग मला समजतो. हातोडा पडतो तो आकडा वेगळा आणि तुम्ही देता तो वेगळा. मधलं अंतर म्हणजे 'बायर्स प्रीमियम', लिलाव करणाऱ्यानं घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन. पूर्वी विकणाराच काय ते देत असे. क्रिस्टीज आणि सदबीज या दोन बड्या लिलावसंस्थांनी १९७५ मध्ये लंडनमध्ये घेणाऱ्यावर १० टक्के लावले, आणि तिथून ते चढतच गेले. सदबीजनं २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आणलं, तेव्हा फार कौतुक झालं. वर्ष भरायच्या आत ते पुन्हा वर नेलं. गंमत अशी, की हे कमिशन टप्प्याटप्प्यानं उतरत जातं. सर्वांत खालच्या टप्प्यावर ते सर्वांत जास्त असतं. कोट्यधीशाला शेवटच्या घासावर सूट, तुम्हाला पहिल्याच घासावर पूर्ण दर.

त्यावर कर, बांधणी, पाठवणी, विमा. छोट्या चित्राची पाठवणी कधी कधी चित्राला लाजवते. म्हणून हिशेब उलटा करा. सगळं मिळून शंभर खर्चायचे असतील तर बोली सत्तरला थांबवा. हा सत्तरचा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या सर्वांत चिकट माणसाच्या हाती द्या.

पण पैशापेक्षा मला लिलावाच्या यादीतल्या शब्दांबद्दल बोलायचंय, कारण त्या शब्दांत सापडलेली चित्रंच पुढे माझ्या टेबलावर येतात. चित्रकाराचं नुसतं नाव असेल तर ते चित्र त्याचंच असं त्यांचं मत. 'अ‍ॅट्रिब्युटेड टु' असेल तर बहुधा त्याचं, पण छातीठोक नाही. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या वळणाच्या कुणाचं तरी. 'आफ्टर' म्हणजे सरळ नक्कल, कधीचीही. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांतला फरकही असाच: पहिल्यात सही त्याची आहे असं त्यांना वाटतं, दुसऱ्यात सही दुसऱ्याच कुणाच्या हातची असावी असं त्यांचं मत.

आणि चित्राच्या अवस्थेचा अहवाल मागून घ्या. मागितला तर देतात, बहुधा फुकट. त्यात 'फ्रेमबाहेर काढून तपासलेलं नाही' असं वाक्य असेल तर काचेआड काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. 'लेड डाऊन' असेल तर कागद पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेला आहे. तो सोडवायचा तर माझ्यासारखीची मजुरी चित्राच्या किमतीच्या वर जाते. तुमचं जलरंग मी पाहिलेलं नाही, पण अहवालाची प्रत तुम्ही जोडली आहे आणि ही दोन्ही वाक्यं तिच्यात आहेत. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी वाचाल.

मंदीत उपयोगी पडणारी एक गोष्ट जाता जाता. न विकल्या गेलेल्या चित्रांबद्दल लिलाव संपल्यावर विचारता येतं. मालकाला ते परत घरी न्यायचं नसतं. राखीव किमतीच्या, म्हणजे मालकानं ठरवलेल्या किमान किमतीच्या आसपास, प्रसंगी थोडं खाली, सौदा जमतो. आणि त्या वेळी समोर दुसरा बोली लावणारा नसतो.

प्रश्न : मी 'मर्यादित आवृत्ती'तलं चित्र घेतलं. खाली पेन्सिलीनं ४५/२५० असं लिहिलंय, चित्रकाराची सही आहे, प्रमाणपत्रही आहे. तुमचा लेख वाचून भिंग लावलं तर सगळे बारीक रंगीत ठिपके! नकली आहे का?

या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

ठिपके कसे आहेत? निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे, आणि त्यांची चिमुकल्या फुलांसारखी रांगोळी दिसत असेल, तर ते ऑफसेट छपाईचं आहे. हे मासिक जसं छापलं जातं तसं. मूळ चित्राचा फोटो काढला, छापला, खाली चित्रकारानं सही केली. नकली म्हणता येणार नाही, कारण सही खरी असेल. पण तुम्ही घेतलंत ते सही केलेलं पोस्टर. ठिपके विस्कळीत, धुक्यासारखे असतील तर ते शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरवरचं. त्याला 'जीक्ले' असं भारदस्त नाव आहे. जॅक डुगान या छपाईकारानं १९९१ च्या सुमारास ते काढलं, फवारणीच्या फ्रेंच शब्दावरून. 'इंकजेट' असं लिहिलं असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा विचार केला असता.

मुद्राचित्र, म्हणजे चित्रकारानं लाकूड, धातू, दगड किंवा जाळी यांवर काम करून त्यावरून छापून घेतलेलं चित्र, हे वेगळं प्रकरण आहे. तिथे 'मूळ चित्र' असं दुसरं काही नसतंच. प्रत्येक प्रत मूळच. ओळखायचं कसं? चित्र खिडकीपाशी न्या आणि उजेड तिरपा पडू द्या. एचिंगमध्ये तांब्याचा पत्रा दाबाखाली कागदात रुतलेला असतो, त्याची चौकट कागदावर खळग्यासारखी दिसते. जाळीतून छापलेल्या स्क्रीनप्रिंटमध्ये रंगाचा थर कागदावर बसलेला जाणवतो, कडेला किंचित पायरी असते. दगडावरून छापलेला लिथोग्राफ फसवा असतो, पण भिंगाखाली मेणाच्या खडूच्या रेघेसारखा रवाळपणा दिसतो, रांगोळी नाही. आणि जपानी पद्धतीच्या लाकडी ठशाचं चित्र असेल तर पालथं करा. तिथे छापताना कागदाच्या पाठीवर हातानं चकतीसारखं घासणं फिरवतात. त्या घासण्याचे गोल गोल फटकारे मागून दिसतात. पहिल्यांदा मला ते दिसले तेव्हा कुणीतरी पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटलं होतं.

आता त्या ४५/२५० बद्दल. पंचेचाळिसावी प्रत पहिलीपेक्षा हलकी असं काही नाही. आकडे सही करताना घातले जातात, छापताना नाही. पण अडीचशे ही कशाची मर्यादा, ते विचारा. हेच चित्र छोट्या आकारात अडीचशे, मधल्यात अडीचशे, मोठ्यात अडीचशे, शिवाय कॅनव्हासवर आणखी काही, असं असू शकतं. वर 'आर्टिस्ट्स प्रूफ', म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या, म्हणून 'एपी' लिहिलेल्या प्रती वेगळ्या. प्रिंटरवरच्या छपाईत ठसा झिजत नाही, त्यामुळे तिथे मर्यादा ही केवळ दिलेल्या शब्दाची.

खऱ्या ठशाला मर्यादा लाकूडच घालतं. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमाराची. हजारोंनी छापली गेली, सामान्य माणसांनी घेतली. छापता छापता ठसा झिजला. उशिराच्या प्रतींत वरच्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते आणि जाणकार त्यावरून प्रत आधीची की नंतरची ते ओळखतात. २०२३ मध्ये तिची एक उत्तम प्रत क्रिस्टीजमध्ये साडेसत्तावीस लाख डॉलरच्या वर गेली.

सहीचं म्हणाल, तर साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं उदाहरण घ्या. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमेवर एक ट्रक अडवला गेला, त्यात हजारो कोरे कागद होते, आणि प्रत्येकावर दालीची सही. चित्र नंतर कुणीही छापावं! दालीच्या सहीच्या छापील चित्रांवर म्हणून कुणी सहज विश्वास ठेवत नाही.

तुमच्या चित्राचं काय करायचं? आवडत असेल तर भिंतीवर राहू द्या. पोस्टर आवडणं हा गुन्हा नाही. पुढच्या वेळी तेवढ्याच पैशांत एखाद्या मुद्राचित्रकाराचं छोटं एचिंग बघा. हौशी माणसासाठी चित्रसंग्रहाची इतकी मोठी आणि इतकी कमी गर्दीची दुसरी वाट मला माहीत नाही.

प्रश्न : प्रमाणपत्र असलं म्हणजे चित्र अस्सल, हे धरून चालावं का?

प्रमाणपत्र कागदावर असतं, आणि कागद कुणीही छापतो. जिवंत चित्रकाराचं चित्र असेल तर त्याच्याकडून किंवा त्याच्या गॅलरीकडून आलेली पावती पुरते: नाव, साल, माध्यम, आकार, फोटो, तारीख. दिवंगत मोठ्या नावाचं चित्र स्वस्तात मिळत असेल तर प्रमाणपत्र जितकं नक्षीदार तितके तुम्ही सावध.

इथे माझ्याच सल्ल्याला मी छेद देते. पाठ बघा म्हणते खरी, पण पाठही खोटं बोलते. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी हा माणूस नुसती बनावट चित्रं रंगवत नव्हता, त्यांना भूतकाळ रंगवून देत होता. चित्रांच्या मागे एका जुन्या, नामांकित संग्रहाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्याही बनावट. त्याच्या बायकोनं आपल्या आजीसारखे कपडे घालून, मागच्या भिंतीवर ती चित्रं टांगून, जुन्या काळातल्यासारखा फोटो काढून घेतला होता, म्हणजे चित्रं घराण्यातलीच वाटावीत. २००६ मध्ये हाइनरिख काम्पेंडोंक या जर्मन चित्रकाराच्या नावावरचं, १९१४ सालचं म्हणून एक चित्र २८ लाख युरोच्या वर विकलं गेलं. रंग तपासला तर त्यात टायटॅनियम व्हाइट निघाला. १९१४ मध्ये तो पांढरा मिळतच नव्हता. २०११ मध्ये बेल्ट्राकीला शिक्षा झाली.

न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १६५ वर्षांची पेढी, बनावट चित्रांच्या प्रकरणात २०११ मध्ये बंद पडली. त्या चित्रांपैकी एकावर जॅक्सन पोलॉक या नामवंत अमेरिकन चित्रकाराच्या सहीचं स्पेलिंगच चुकलेलं होतं, त्यातला 'सी' गायब. इतक्या लोकांनी इतकी वर्षं चित्र पाहिलं, वाचलं कुणीच नाही.

तुमच्या-माझ्या पातळीवर एवढं नाटक कुणी करत नाही, परवडणारच नाही. इथे फसवणूक साधी असते: पोस्टरला मुद्राचित्र म्हणणं, छपाईवर वरून चार फटकारे मारून 'हातानं रंगवलेलं' म्हणणं. त्याला भिंग पुरतं.

प्रश्न : तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनात एक चित्र फार आवडलं. किंमत माझ्या आवाक्याबाहेर. घासाघीस करावी का? की नंतर थेट त्यालाच गाठावं?

थेट गाठू नका. गॅलरी साधारण निम्मा वाटा घेते हे खरं, पण भाडं, दिवे, छपाई, आणि तुम्ही तिथे पोचलात ते तिच्यामुळे. मागच्या दारानं गेलात तर तो चित्रकार कात्रीत सापडतो. तुम्हाला नाही म्हणणं त्याला जड जाईल आणि हो म्हणाला तर गॅलरी तुटेल.

घासाघीस करण्यापेक्षा हप्ते मागा. संकोच करू नका. तीन-चार हप्त्यांत पैसे आणि शेवटचा हप्ता दिल्यावर चित्र घरी, हे सर्रास चालतं. हप्त्यांनी घेणाऱ्यांतलं माझं आवडतं जोडपं म्हणजे न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगल. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं यायची. नियम दोन: परवडलं पाहिजे आणि एका बेडरूमच्या घरात मावलं पाहिजे. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलाकार जोडप्याची मांजर सांभाळून दिली, त्याबदल्यात त्यांना एक कोलाज मिळालं होतं. असं करत चार हजारांवर कलाकृती जमल्या. त्यांनी त्या विकल्या नाहीत. १९९२ मध्ये संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे जायचं ठरलं, आणि २००८ मध्ये पन्नास राज्यांतल्या पन्नास संग्रहालयांना प्रत्येकी पन्नास कलाकृती वाटायची योजना निघाली.

हे ऐकून काही वाचक नक्की म्हणतील, 'ती माणसं योग्य वेळी योग्य ठिकाणी होती.' होतीच. पण ती दर आठवड्याला चित्रकारांच्या खोल्यांचे जिनेही चढत होती.

प्रश्न : डिजिटल कला, एनएफटी वगैरे घ्यावं का?

एनएफटी म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीची संगणकावरची नोंद. मार्च २०२१ मध्ये बीपल या कलाकाराची डिजिटल कलाकृती क्रिस्टीजमध्ये ६.९३ कोटी डॉलरला गेली. त्यानंतर तो बाजार कोसळला, ते तुम्ही पाहिलंच आहे. माझ्या मताला इथे किंमत नाही. त्या वस्तूला पाठच नसते.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या चित्राच्या माउंटच्या आतल्या कडेला तपकिरी रेघ आली आहे. चित्रात मधे मधे ठिपकेही. काचेवरून पुसलं, जात नाही.

पुसू नका! रेघ आली आहे ती माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीच्या, पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे. स्वस्त पुठ्ठा कागदाला हळूहळू भाजतो. ठिपके ओलाव्याचे, बहुधा बुरशीचे. चित्र बाहेरच्या भिंतीवर आहे का? आतल्या भिंतीवर न्या. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. मग जाणकाराकडून फ्रेम उघडून आम्लमुक्त माउंट घालून घ्या. काच कागदाला टेकता कामा नये. चिकटपट्टी तर चित्राच्या आसपासही नको. माझ्या आयुष्याची निम्मी वर्षं चिकटपट्टी काढण्यात गेली आहेत.

उजेडाबद्दल मी स्वतःची फजिती सांगते. पहिल्या कमाईतून मी एक लाकडी ठशाचं चित्र घेतलं होतं: नदी, होडी, संध्याकाळचं करडं आकाश. ज्यानं विकलं त्यानंच फ्रेम करून दिलं, मी कौतुकानं खिडकीसमोर लावलं. अकरा वर्षं रोज पाहिलं. मग एकदा काच बदलायला उघडलं. माउंटखाली झाकलेल्या बोटभर पट्टीत आकाश गर्द निळं होतं. मला आवडलेलं ते करडं आकाश उन्हानं केलेलं होतं, चित्रकारानं नाही. आणि लोकांच्या चित्रांची दुरुस्ती करून मी पोट भरत होते! संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स एवढाच उजेड देतात. घरात तेवढं जमणार नाही, पण सरळ ऊन टाळा आणि वर्षातून काही महिने चित्र कपाटात विसावू द्या. त्या काळात दुसरं लावा. नवं चित्र आणल्यासारखं वाटतं, फुकटात.

प्रश्न : माझ्याकडे चाळीसेक चित्रं आहेत. मोठ्या नावाचं एकही नाही. मुलांना यातलं काही नको आहे. माझ्यामागे यांचं काय होईल?

मुलांना आत्ता नको आहेत, हे आत्ताचं उत्तर आहे. त्यावर फार जाऊ नका. पण चाळीस अनोळखी चित्रांचा ढीग कुणालाच नको असतो, हेही खरं. म्हणून त्यांची ओळख लिहून ठेवा. एक वही करा, प्रत्येक चित्राला एक पान: कुणाचं, कधी घेतलं, कितीला, पावती कुठे आहे. आणि तुम्हाला ते का आवडलं, हेही दोन ओळींत. दोन-तीन चित्रकार अजून काम करत असतील तर त्यांना कळवा. जुनी चित्रं परत बघायला मिळाली तर बहुतेकांना आनंद होतो, आणि प्रदर्शनासाठी उसनी मागतात तीही अशीच, ओळखीतून.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ वडिलांचं एक जलरंग घेऊन आले होते. विकायचं होतं, त्याआधी डाग काढून हवे होते. मी मागचा पुठ्ठा सोडवला तर त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख होती आणि खाली एकच ओळ: 'हिला पसंत नव्हतं. भांडून घेतलं.' मी ती ओळ त्यांना दाखवली. चित्र न्यायला आले तेव्हा विकण्याचं काही बोलले नाहीत. जुना पुठ्ठा फेकला नाहीत ना, एवढं मात्र दोनदा विचारलं.

तुम्हीही चित्रामागे लिहिणार असाल तर मऊ पेन्सिलीनं, आणि पुठ्ठ्यावर. चित्राच्या कागदावर बॉलपेन मुळीच नको. दाब पुढून दिसतो.